लेकीच्या किडनीत सिस्ट की तुंबलेली लघवी?

सातारची आई: लेक सव्वा महिन्याची. सोनोग्राफीत डावी किडनी द्राक्षाच्या घडासारखी, काळे गोळे नुसते. एक डॉक्टर म्हणतात सिस्ट (पाण्याच्या गाठी), दुसरे म्हणतात लघवी तुंबलीय. सासूबाई बार्लीचं पाणी उकळून बसल्यात! कुणाचं ऐकू?

सोनोवाला: गोळे मधल्या पोकळीला जोडलेले असतील तर तुंबलेली लघवी. सुटे सुटे, आणि किडनीचा गर दिसतच नसेल तर मल्टिसिस्टिक, म्हणजे नुसत्या गाठींची, काम न करणारी किडनी. शंका राहिली तर डीएमएसए स्कॅन, त्यात किडनी काम करते का ते दिसतं. उजवी कशी आहे? बार्ली नको, फक्त दूध.

चिनूचा बाबा: आमचंही हेच, मल्टिसिस्टिक. चिनू आता पाच वर्षांचा, ती किडनी आक्रसून सोनोग्राफीत दिसतही नाही. बीपी मात्र मोजत राहतात. तो पट्टा बघितला की भोकाड!

सातारची आई: उजवी नॉर्मल लिहिलीय. बार्ली सासूबाईंनीच प्यायली.