प्रतिसाद: पॅनल नाही, बॅटरी आधी बसते

वर कोणीतरी म्हटलंय की पॅनलला २५ वर्षांची वॉरंटी असते म्हणजे गावासाठी बॅटरीवालं सोलर टाकलं की विजेची चिंता मिटली. पॅनलचं बरोबर आहे हो, पण सिस्टीम पॅनलमुळे क्वचितच बंद पडते, आधी बसते ती बॅटरी. लेड अॅसिडची बॅटरी रोज अर्ध्या चार्जच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, त्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली असेल तर विचारूच नका, तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. शिवाय या बॅटरीत वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार हे कोणीच ठरवलेलं नसतं.

दुसरं म्हणजे लोड. डिझाईन करताना दिवे, पंखे आणि मोबाईल चार्जिंग एवढंच धरतात, मग वर्षभरात टीव्ही येतो, फ्रीज येतो, कुणीतरी पिठाची गिरणी जोडतो (मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते) आणि इन्व्हर्टर ट्रिप व्हायला लागला की सगळे म्हणतात सोलर बोगस. अरे, लोड वाढवला कोणी?

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या असा सल्ला आलाय तो चांगलाय, चार्ज-डिस्चार्जच्या सायकल्स खूप जास्त मिळतात, पण बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून तिला सांभाळणारं सर्किट) बिघडला तर गावात दुरुस्त करणारा कोण? मला विचाराल तर दर महिन्याला प्रत्येक घराकडून थोडे पैसे घेऊन बॅटरी बदलायचा फंड पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवायला हवा, फुकट वीज म्हणून सुरू केलेल्या ठिकाणी नेमकं हेच राहून जातं.