ल्युपसमुळे किडनी गेली, ट्रान्सप्लांट केलं तर नवीन किडनीला पण ल्युपस होतो का?

डोंबिवलीची_धाकटी
नमस्कार मंडळी, माझ्या ताईला कॉलेजपासून ल्युपस आहे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार), त्यातच दोन्ही किडन्या गेल्या, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला डोंबिवलीहून परळ. लोकलच्या गर्दीत फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) हात छातीशी धरून उभी असते, कोणाचा धक्का लागला की माझाच जीव वरखाली होतो. आई किडनी द्यायला तयार आहे, मी पण आहे, पण घरचे म्हणतायत आजार रक्तातच आहे, नवीन किडनी पण खाईल, मग आईला कशाला कापायचं? खरंच असं होतं का?

ल्युपसवाली_ठाणे
अगं नाही, माझं पण ल्युपसमुळेच झालं, आईचीच किडनी आहे, छान चालू आहे. बायोप्सी केली तर काही जणांच्या नवीन किडनीत ल्युपसच्या खुणा दिसतात, पण खरा त्रास होईल असा परत येणं साधारण 2 ते 11 टक्के लोकांत, आणि त्यापायी किडनी जाणं तर फारच कमी. कारण रिजेक्शन होऊ नये, म्हणजे शरीराने नवीन किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या देतात ना, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड, त्याच ल्युपसला पण दाबून ठेवतात. फक्त ल्युपस भडकलेला असताना ऑपरेशन करत नाहीत, आधी शांत व्हावा लागतो. आणि ताईची एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, ल्युपसची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका प्लीज.

कुर्ला_वेस्ट
अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची टेस्ट झालीय का? ल्युपसमध्ये बऱ्याच जणांना त्या असतात, रक्ताच्या गुठळ्या होतात, नवीन किडनीची रक्तवाहिनीच बंद पडू शकते. माझ्या मिसेसची पॉझिटिव्ह आली, म्हणून ऑपरेशन रद्द नाही झालं, पण रक्त पातळ करायच्या औषधांचं सगळं आधी ठरवून घेतलं. अजून एक, हिमोग्लोबिन कमी म्हणून रक्त चढवायचं म्हणाले तर आधी नेफ्रोलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा, सारखं रक्त चढवलं की दुसऱ्याच्या अवयवाविरुद्धच्या अँटिबॉडी वाढतात आणि डोनर जुळणं कठीण होतं.

सुनंदाकाकू
बाळा, तू देण्याआधी आईचं बघा. सख्ख्या बहिणीला ल्युपसचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तुझी तपासणी नीट झाल्याशिवाय तू एका किडनीवर यावंस असं मला तरी वाटत नाही. आईवडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं, आजीआजोबा, नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक, मावशी-काका देणार असतील तर कमिटीची परवानगी लागते. आणि आईचं होईल म्हणून बसून राहू नका, हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीत (मृत दात्यांच्या अवयवांसाठी वेटिंग लिस्ट ठेवणारी संस्था) नाव घालून ठेवा, तिथली वेटिंग मोठी असते.

डोंबिवलीची_धाकटी
खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏 ती अँटीफॉस्फोलिपिडची टेस्ट झालीय का ते उद्याच फाइलमध्ये बघते. आईचा ग्रुप ओ आणि ताईचा बी, चालेल ना?

ल्युपसवाली_ठाणे
ओ टू बी चालतं गं. आता आईची शुगर, बीपी आणि क्रॉसमॅच (ताईच्या रक्तात आईच्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ती टेस्ट) होऊ दे, रिपोर्ट आले की इथे टाक.