मदत हवी आहे: थोरियमचा कॅप्चर क्रॉस सेक्शन ७.४ ऐवजी ८.७ बार्न का येतोय?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प सुरू आहे आणि गेले तीन आठवडे एकाच आकड्यावर गाडी अडली आहे. मार्गदर्शक परगावी आहेत, म्हणून इथे विचारते.

थोरियम-२३२ ने औष्णिक, म्हणजे संथ, न्यूट्रॉन गिळण्याची शक्यता किती (हाच कॅप्चर क्रॉस सेक्शन, एकक बार्न), ते मोजायचं आहे. आपल्या अणुकार्यक्रमाचा तिसरा टप्पा याच गिळण्यावर उभा आहे. न्यूट्रॉन गिळला की थोरियम-२३३ होतं (अर्धायुष्य सुमारे २२ मिनिटं), त्याचं प्रोटॅक्टिनियम-२३३ (२७ दिवस) आणि शेवटी युरेनियम-२३३, म्हणजे कल्पाक्कमच्या कामिनी अणुभट्टीचं इंधन. छापील किंमत ७.४ बार्नच्या आसपास. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत असल्या मोजणीसाठी न्यूट्रॉनांना धावायला १८५ मीटर लांबीचा उड्डाणमार्ग आहे. आमच्याकडे न्यूट्रॉन संथ करणारं पॅराफिनचं पिंप आणि त्यात एक अमेरिशियम-बेरिलियमचा न्यूट्रॉन स्रोत आहे.

केलं ते असं. थोरियम नायट्रेटची पुडी आणि ५० मायक्रॉनचा सोन्याचा पत्रा पाठीला पाठ लावून सात दिवस पिंपात ठेवले. दुसऱ्या दिवशी एचपीजीई (अतिशुद्ध जर्मेनियमच्या) डिटेक्टरवर गॅमा किरणांची मोजणी. प्रोटॅक्टिनियमची ३१२ केईव्हीची रेषा आणि सोन्याची ४१२ ची, दोन्ही जवळजवळ, त्यामुळे डिटेक्टरच्या कार्यक्षमतेतली चूक गुणोत्तरात बरीचशी कटते. तुलनेसाठी सोन्याचा माहीत असलेला क्रॉस सेक्शन ९८.६५ बार्न धरला. संपृक्ततेची आणि क्षयाची गणितं तीनदा तपासली.

कॅडमियमचा पत्रा एवढासाच मिळाला, त्यात फक्त सोनं मावलं. सोन्याचं कॅडमियम गुणोत्तर (उघड्या मोजणीला कॅडमियमने झाकलेल्या मोजणीने भागून) २.५ आलं, तेच थोरियमलाही लावलं. उत्तर ८.७. चुकतंय कुठे?

*

मोजमापी:
३०० केईव्हीची रेषा धरली नाही ना? ती प्रोटॅक्टिनियमचीही आहे आणि थोरियमच्या क्षय-साखळीतल्या शिसे-२१२ चीही. जुनी बाटली असेल तर साखळी भरपूर साचलेली असते, आणि २३९ ला उंच शिखर दिसत असेल तर ते त्याच शिशाचं.

धागाकर्ती:
नाही, फक्त ३१२. पिंपात न ठेवलेल्या पुडीचा वर्णपट वजा केलाय. २३९ चं शिखर मात्र ताडासारखं उभं आहे.

निवृत्त मास्तर:
चूक तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे. सोन्याचं कॅडमियम गुणोत्तर थोरियमला लावायचं नसतं.

कॅडमियम साधारण अर्ध्या ईव्हीच्या खालचे न्यूट्रॉन अडवतं, वरचे जाऊ देतं. त्या वरच्यांना कोण किती गिळतो, ते ज्याच्या त्याच्या रेझोनन्सवर, म्हणजे ज्या ठरावीक ऊर्जांना गिळणं एकदम वाढतं त्यांवर, ठरतं. सोन्याचा रेझोनन्स इंटिग्रल (या वरच्या ऊर्जांमधल्या गिळण्याची बेरीज) १५५० बार्नच्या आसपास, म्हणजे औष्णिक किमतीच्या जवळजवळ सोळा पट. थोरियमचा ८५ च्या आसपास, म्हणजे साडेअकरा पट. एवढंच असतं तर तुमचं उत्तर उलट ७ च्या खाली यायला हवं होतं.

ते वर का गेलं? ५० मायक्रॉन ऐकायला पातळ वाटतं, पण ४.९ ईव्हीच्या रेझोनन्सला सोनं म्हणजे भिंत. पृष्ठभागावरचे अणू त्या ऊर्जेचे न्यूट्रॉन खाऊन टाकतात आणि आतले उपाशी राहतात. त्यामुळे सोन्यातला वरच्या न्यूट्रॉनांचा वाटा आहे त्यापेक्षा बराच कमी दिसला. पुडीत थोरियम पसरलेलं, तिथे ही सावली कमी पडते. म्हणून थोरियममधून जेवढं वजा व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

उपाय सरळ आहे. थोरियमही कॅडमियमच्या डबीत ठेवून स्वतंत्र मोजा आणि दोघांचीही उघडी वजा झाकलेली अशी वजाबाकी करा. रेझोनन्सची सावली दोन्ही मोजण्यांत सारखीच पडते, ती वजाबाकीत निघून जाते. उरते ती औष्णिक सावली, ती या जाडीला काही टक्क्यांचीच.

कॅडमियम कानशीने घासू नका, भुकटी विषारी असते. कात्रीने कापा, हातमोजे घाला.

मोजमापी:
+१. आणि नायट्रेटचं वजन कशावर विश्वास ठेवून घेतलंत? ते हवेतलं पाणी ओढतं. बाटलीवर चार रेणू पाणी लिहिलेलं असतं, आत पाच निघतात.

धागाकर्ती:
बाटलीवरच्या चिठ्ठीवर. 🙈 बाटली माझ्या वयाहून मोठी आहे.

मोजमापी:
मग त्याच बाटलीतला चिमूटभर भाग वेगळा तोला, मुशीत घालून धूरकपाटात तापवा. तपकिरी धूर पूर्ण थांबल्यावरही बराच वेळ कडक आच द्या. उरेल तो ऑक्साइड, पेट्रोमॅक्सच्या मेंटलमध्ये उजळायचा तोच. त्याच्या वजनावरून थोरियम किती ते कळेल.

*

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी):
उशिराबद्दल क्षमस्व, पिंप आठवडाभर दुसऱ्याच्या प्रयोगात अडकलं होतं.

कॅडमियमचा मोठा तुकडा मिळाला. थोरियम झाकून सात दिवस ठेवलं, मग वजाबाकी. उत्तर ७.१. मी इतकी खूश की चहा पाजून झाला सगळ्यांना. मग मुशीतला भाग तोलला तर थोरियम चिठ्ठीपेक्षा ४ टक्के कमी! आकडा ७.४ वर. त्रुटी मात्र ०.४ आहे, कारण झाकलेल्या मोजणीत ३१२ चं शिखर जेमतेम डोकं वर काढतं आणि वजाबाकीत सगळी अनिश्चितता साचते.

मास्तर, सावलीचं तुमचं म्हणणं तपासून पाहायचं आहे. वेगवेगळ्या जाडीचे तीन पत्रे घेऊन शून्य जाडीपर्यंत रेषा ताणावी की अ‍ॅल्युमिनियममध्ये ०.१ टक्का सोनं असलेली तार (सोनं इतकं विरळ की सावली जवळजवळ नाहीच) वापरावी? तार कुठे मिळते, कोणी मागवली आहे का?