सांगलीत दुकानाचा गाळा घेताना पुराचा धोका कसा तपासायचा?

प्रश्न: गाळा नकाशावरच्या निळ्या पूररेषेबाहेर पण लाल पूररेषेच्या आत आहे. मालक म्हणतो, "शंभर वर्षांतून एकदाच पाणी येतं." खरं आहे का?

सर्वेअर_मिरज: नाही, हा गैरसमज महागात पडतो. लाल रेषा (१०० वर्षांचा पूर) म्हणजे तिथे पाणी येण्याची दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांत ती साधारण २६ टक्के होते. निळ्या रेषेला (२५ वर्षांचा पूर) तीच ७१ टक्के.

कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ मध्ये पाणी सुमारे साडेसत्तावन फुटांवर गेलं होतं. शेजारच्या भिंतीवरची २०१९ ची खूण शोधा आणि गवंड्याच्या लेव्हल पाइपने (पाणी भरलेली पारदर्शक नळी) ती गाळ्यात आणा. पाइपात बुडबुडा राहिला तर माप चुकतं. खूण फरशीपासून ४ फूट वर आली, तर पुलावर साडेत्रेपन्न फूट होताच पाणी उंबऱ्याला लागेल, असं धरा. अंदाजच आहे, म्हणून माल हलवायला दोन फूट आधीच सुरुवात करा.

वायरमन_दादा: मीटर, बोर्ड, इन्व्हर्टर त्या खुणेच्या वर. आणि गटाराच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) हवाच. दारात पाणी नसतानाही ते संडासातून उलटं येतं. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की झाकण बसत नाही, मेअखेर साफ करा.

विमा_सल्लागार: पॉलिसीत पुराचं संरक्षण वगळलेलं नाही ना, ते वाचा. इमारतीच्या विम्यात तुमचा माल येत नाही, तो वेगळा लिहून घ्या. स्टॉक रजिस्टरची प्रत दुसरीकडे ठेवा.