दोन आठवडे थांबा म्हणतात, पण त्यात बघायचं काय?

सांजवारा
मन उदास असणं आणि नैराश्याचा आजार यांतली रेषा कुठे ओढायची? ‘दोन आठवडे वाट बघा’ असं सगळेच सांगतात. त्या दोन आठवड्यांत नेमकं काय बघायचं? आणि वाट बघूच नये, असं कधी?

निळी_वही
नुसते १४ दिवस मोजून उपयोग नाही. दिवसाचा बराचसा वेळ आणि जवळपास रोज, असं हवं. नऊ लक्षणांपैकी किमान पाच, आणि त्यांत उदास मन किंवा कशातच रस न उरणं यांपैकी एक असलंच पाहिजे. बाकीची सात: झोप, भूक-वजन, थकवा, हालचाल मंदावणं (किंवा उलट, सतत येरझाऱ्या), स्वतःला नालायक किंवा दोषी समजणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. शिवाय त्याचा खूप त्रास व्हायला हवा किंवा रोजची कामं अडायला हवीत.

रडू यायलाच हवं असं नाही. कित्येकांना दुःख जाणवतच नाही, सगळं नुसतं बेचव होतं. काहींची फक्त चिडचिड वाढते आणि घरचे त्याला स्वभाव म्हणतात. झोपेवर खास लक्ष ठेवा: पहाटे दोनेक तास आधी जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही, आणि सकाळ सगळ्यांत जड जाते.

तळटीप
‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली भरा. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. लोक चुकतात ते नवव्या प्रश्नावर. तो मरणाच्या विचारांचा आहे. तिथे १ जरी आला, तरी बेरीज न बघता लगेच बोला.

हे निदान नव्हे. थायरॉइड मंदावलं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ उतरलं तरी अशीच मरगळ येते, म्हणून रक्त तपासून घ्या. पूर्वी कधी जेमतेम झोपूनही उत्साह ओसंडून वाहायचा, असे दिवस गेले असतील तर तेही सांगा. तो आजार बायपोलर (कधी खोल उदासी, कधी अति उत्साह) असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो.

सांजवारा
जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारावं? विचारल्याने नको ते डोक्यात शिरलं तर?

निळी_वही
याच शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. पुढे विचारा: कसं, कधी ठरवलंय का, साधन हाताशी आहे का? ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, साधन हलवा आणि त्याच दिवशी रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

तळटीप
गोळ्यांचं एक राहिलं. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून पाचव्या दिवशी ‘लागू पडत नाही’ म्हणू नका. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात, आणि बंद करताना डॉक्टरांना विचारून हळूहळू.