मदत हवी आहे: 'मेट्रोपॉलिटन आर्चबिशप' मराठीत कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

वसई धर्मप्रांतावरचा (म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागावरचा) एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय. त्यात मुंबईच्या आर्चबिशपना 'मेट्रोपॉलिटन' म्हटलंय. एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) इंग्रजी नावातल्या 'मेट्रोपॉलिटन'मुळे आपल्या डोक्यात या शब्दाचा अर्थ महानगर असाच बसलाय. पण 'महानगरीय आर्चबिशप' लिहिलं तर त्यांचा संबंध फक्त मुंबई शहराशी आहे असं वाटेल. वसई 1998 पासून वेगळा धर्मप्रांत आहे, तरी तो मुंबईच्याच चर्च-प्रांतात, म्हणजे शेजारच्या धर्मप्रांतांच्या गटात, मोडतो. महानगर आणि बिशप एका शब्दात आले कसे? केरळातल्या चर्चमधले 'मेत्रापोलीत्ता' हे बिशपांचं पद यातलंच का?

प्रतिसाद १:
हो, यातलंच. ग्रीकमध्ये 'मेतेर' म्हणजे आई, 'पोलिस' म्हणजे नगर. ज्या नगरातून लोक वसाहती करायला बाहेर पडले ती मातृनगरी. सिसिलीतल्या सिराक्यूजची मातृनगरी कोरिंथ. आकाराचा इथे प्रश्नच नव्हता. पुढे रोमन काळात प्रांताच्या मुख्य नगराला हे नाव मिळालं. चर्चची घडीही त्याच प्रांतांवर बसली आणि मुख्य नगराचा बिशप 'मेट्रोपॉलिटन' झाला. 325 च्या नायसिया परिषदेने (बिशपांच्या सभेने) तर नवा बिशप नेमताना त्याची मान्यता लागेल असा नियमच केला.

गोव्याचं उदाहरण बघा. सोळाव्या शतकात तिथे आर्चबिशप आले, तेव्हा कोची आणि पार समुद्रापलीकडच्या मलाक्काचे बिशप त्यांच्या प्रांतात होते. 'महानगरीय'मध्ये हे कसं मावणार? इंग्रजीतही शब्द आधी चर्चचा, शहरी अर्थ नंतरचा.

प्रतिसाद २:
शहरी अर्थ रुळवण्यात रेल्वेचा वाटा मोठा. लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे 1863 ची, पॅरिसची 'मेत्रोपोलितँ' 1900 ची. त्याचंच तोकडं रूप आपली मेट्रो.
ताई, अनुवादात एक जपा. मेट्रोपॉलिटन हा वसईच्या बिशपांचा साहेब नव्हे. वसईचा कारभार वसईचे बिशपच बघतात, मेट्रोपॉलिटनकडे मर्यादित देखरेख असते. पोपकडून मिळणारा पांढऱ्या लोकरीचा पट्टा, पॅलियम, ही त्यांची खूण.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार, मलाक्काच्या उदाहरणाने सगळं स्पष्ट झालं. आता 'प्रांतप्रमुख आर्चबिशप' लिहून पहिल्या वेळी 'मेट्रोपॉलिटन' सोबत द्यावं म्हणते. पण 'प्रमुख'मुळे साहेबच वाटतील का? वसई-पालघरच्या मंडळींनी चर्चच्या मराठी पत्रकात वेगळा शब्द वाचला असेल तर नक्की सांगा, मला तोच वापरायला आवडेल.