सोरचं भाकीत आणि न सांगितलेला २९वा अध्याय

नगरकर
जय ख्रिस्त. गेल्या रविवारी आमच्या उपासनेत पाहुण्या पाळकांनी सोर नगरावर संदेश दिला, जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २६वा अध्याय. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: सोर म्हणजे आजच्या लेबनॉनमधलं सूर. फिनिशियन लोकांचं गडगंज बंदर, थोडी वस्ती किनाऱ्यावर आणि मुख्य शहर समोरच्या बेटावर. संदेष्टा म्हणतो, समुद्राच्या लाटा याव्यात तशी पुष्कळ राष्ट्रं तुझ्यावर येतील, तट पाडतील, माती खरवडून नुसता खडक ठेवतील, तिथे जाळी पसरतील, तुझे दगड, लाकडं, माती पाण्यात टाकतील आणि तू पुन्हा बांधलं जाणार नाहीस.

पाळक म्हणाले, इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने किनाऱ्यावरची जुनी वस्ती पाडून तोच राडारोडा समुद्रात लोटला, बेटापर्यंत वाट बांधली आणि सात महिन्यांत शहर घेतलं. अडीचशे वर्षं आधी लिहिलेलं अक्षरशः घडलं, मग बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलंही अक्षरशः घडणार. मीही सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हटलं.

घरी येऊन पुढे वाचत गेलो आणि २९व्या अध्यायाच्या १८व्या वचनाशी अडखळलो. २६व्या अध्यायात बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्रेस्सर याचं नाव घेऊन सांगितलंय की तो घोडे, रथ घेऊन येईल, वेशी फोडेल, लूट होईल. त्याने वेढा घातलाही, यहूदी इतिहासकार योसेफस १३ वर्षं म्हणतो. पण इथे तोच यहेज्केल लिहितो की ओझी वाहून सैनिकांच्या डोक्यांना टक्कल पडलं, खांदे सोलवटले, तरी सोरकडून त्यांना मजुरी मिळाली नाही. म्हणून देव आता त्याला मिसर (इजिप्त) देणार. २६व्या अध्यायातलं भाकीत यहूद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासाच्या ११व्या वर्षाचं, हे २७व्या वर्षाचं. मधे सोळा वर्षं.

शास्त्रात उघड लिहिलेली गोष्ट व्यासपीठावरून गाळायची कशाला?

वचनप्रेमी
गाळलं असेल, तासाभरात सगळं बसत नाही. पण तुम्हीही भरभर वाचलंत, भाऊ. २६च्या तिसऱ्या वचनात 'पुष्कळ राष्ट्रं' आहेत, एक राजा नाही. ७ ते ११ वचनांत 'तो' आहे, म्हणजे नबुखद्रेस्सर. १२व्या वचनात एकदम 'ते' येतं: ते लुटतील, ते दगड पाण्यात टाकतील. बाबेलने सुरुवात केली, ग्रीकांनी शेवट केला. वेढा घालणारं सैन्य शहराचे दगड पाण्यात कशाला टाकेल? असं तपशिलाचं वाक्य कोणाला सुचेल तरी का?

जुनी_नाणी
'तो'चं 'ते' झालं की मधे अडीच शतकं घालायची, हे व्याकरण कुठलं? राजा आणि त्याचं सैन्य, इतकाच साधा अर्थ निघतो. बेटावरच्या शहराचे दगड पाडले तर ते समुद्रातच जाणार.

बरं, अलेक्झांडरपाशी गोष्ट संपते का? अलेक्झांडरचा इतिहास लिहिणाऱ्या एरियनच्या म्हणण्याप्रमाणे ३०,००० लोक गुलाम म्हणून विकले गेले. भयंकरच. पण अठराएक वर्षांत हेच शहर इतकं सावरलं की इ.स.पू. ३१५ च्या सुमारास अलेक्झांडरचा जुना सेनापती अँटिगोनस याला ते घ्यायला पुन्हा वर्षाहून अधिक वेढा घालावा लागला. प्रेषितांची कृत्ये २१ काढा. पौल सोरला उतरला, तिथल्या शिष्यांबरोबर सात दिवस राहिला, निघताना बायकापोरांसकट सगळे किनाऱ्यापर्यंत पोचवायला आले. चौथ्या शतकात तिथे भव्य चर्च उभं राहिलं, त्याच्या समर्पणाला चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या बिशप युसेबियसचं भाषण झालं. 'पुन्हा बांधलं जाणार नाही' म्हटलेल्या जागी तुमचंच चर्च!

वचनप्रेमी
शनिवारवाड्याची भिंत उभी आहे म्हणून पेशवाई चालू आहे का? जे सोर भूमध्य समुद्रावर हुकूम चालवत होतं, ज्याच्या लेकी-वसाहती थेट कार्थेजपर्यंत होत्या, ते परत आलं नाही. नंतर जे वसलं ते दुसऱ्यांच्या राज्यातलं एक बंदर. आणि किनाऱ्यावरचं जुनं सोर तर मिटलंच.

जुनी_नाणी
शनिवारवाडा आवडला, मान्य. पण किनाऱ्यावरचं सोर चालणार नाही. यहेज्केलचं सोर 'समुद्रामध्ये' आहे, २६:५ आणि २७:४ बघा. भाकीत बेटाचं आणि पुरावा किनाऱ्याचा?

पाचूबंदरचा
मी वसईचा, कॅथलिक, घरची मासेमारी. तुमच्यासारखं अध्याय-वचन तोंडपाठ नाही. पण जाळी पसरण्याची जागा म्हणजे ओसाड जागा, असं दोन्ही बाजू धरून चालल्यात ते काही पटत नाही. आजोबांच्या वेळी सुती जाळी होती. ती रोज उन्हात घातली नाहीत तर कुजायची. जिथे जाळी वाळतात तिथे पाच पावलांवर घर असतं, कोणीतरी फाटलेलं शिवत बसलेलं असतं, पोरं मधून पळतात म्हणून शिव्या खातात. निर्जन खडकावर जाळी कोण नेऊन टाकणार?

मला तरी त्यात एवढंच दिसतं की व्यापाऱ्यांचा माज उतरला आणि जागा कोळ्यांकडे आली. यात वाईट काय म्हणा.

नगरकर
पाचूबंदरकर, हे कुठल्या भाष्यात वाचलं नव्हतं!

जालन्याची_लेक
वडील निवृत्त पाळक, त्यामुळे हा वाद आमच्याकडे जेवताना होतो. त्यांचं म्हणणं: भाकिताला पंचांग समजू नका. मीखा संदेष्ट्याने सांगितलं, सियोन (यरुशलेम) शेतासारखं नांगरलं जाईल. शंभरएक वर्षांनी यिर्मया संदेष्ट्याच्या खटल्यात वडीलजनांनी तेच वाक्य काढलं (यिर्मया २६:१८) आणि म्हणाले, हिज्किया राजाने देवाची विनवणी केली म्हणून ते संकट टळलं. मीखाला कोणी खोटा ठरवला नाही. चाळीस दिवसांत निनवे नगर उलथेल हे योनाचं भाकीतही तसंच टळलं.

मला स्वतःला २७वा अध्याय जास्त महत्त्वाचा वाटतो. सोरला गलबत कल्पून विलापगीत आहे, मालाची लांबलचक यादी: चांदी, लोखंड, हस्तिदंत, गहू, मध, तेल, माणसंसुद्धा. आता प्रकटीकरण १८ शेजारी ठेवा. तीच यादी, शेवटी पुन्हा माणसं, आणि दूर उभे राहून डोक्यात धूळ घालून रडणारे तेच खलाशी. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाने सोरचं गीत उचललं आणि बाबेलच्या नावाखाली रोमला लावलं. म्हणजे त्याच्या लेखी सोर हे संपलेलं प्रकरण नव्हतं. हे सोडून लोक दानीएलाच्या २,३०० दिवसांची वर्षं करून आकडेमोड करतात. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांची तशीच ख्रिस्ताच्या पुनरागमनाची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख निघाली. कित्येकांनी शेतातलं पीक काढलं नाही.

वचनप्रेमी
ताई, तारीख काढणाऱ्यांच्या बाजूने मी नाही, तो दिवस कोणाला ठाऊक नाही हे प्रभूनेच सांगितलंय. पण निनवेने पश्चात्ताप केला, राजा राखेत बसला. सोरने केव्हा केला? तसं एक वचन दाखवा.

जालन्याची_लेक
नाही दाखवता येत. बाबांनाही आत्ताच विचारलं, ते म्हणाले, "जेवू दे."

जुनी_नाणी
माझं म्हणणं तर याहून सरळ आहे: भाकीत चुकलं, आणि ज्याने केलं त्यानेच ते लिहून ठेवलं. २९:१८ मागाहून कोणी खोडलं नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

वचनप्रेमी
चुकलं हे मानणार नाही. पण पुढच्या महिन्यात आमच्या तरुण संघात माझी पाळी आहे. २६ घेतला तर २९ही घेईन, एवढं कबूल.

पाचूबंदरचा
जाळ्यांचं पण सांगा.